शब्दचर्चा : उपास, उपाशी आणि लिपिड प्रोफाइल

सुईवाली :
सदाशिव पेठेतल्या एका लॅबमध्ये मी बायोकेमिस्ट्री बघते. पेशंटला द्यायची सूचनापत्रिका नीट मराठीत करायचं ठरलं आणि मराठी माध्यमातली म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. आधीची पत्रिका कुणीतरी हिंदीवरून उतरवली होती. वर 'वसा परीक्षण' (म्हणजे लिपिड प्रोफाइल, रक्तातल्या मेदाची तपासणी) आणि खाली 'तपासणीपूर्वी 12 तास उपवास आवश्यक'.

'वसा' वाचून एका आजींनी विचारलं, "कसला वसा गं? कुठल्या वारी घ्यायचा?" श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये.

तिथे निदान हसून भागलं, 'उपवासा'ने मात्र घोटाळा केला. एकादशीला साडेनऊच्या सुमारास एक काका आले. "उपाशी आहात ना?" म्हटलं, तर "कडक उपास आहे, काल रात्रीपासून." रक्त घेतलं, ट्यूब फिरवली. वर येणारं सीरम, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, पिवळसर, स्वच्छ दिसायला हवं. हे गढूळ, पातळ ताकासारखं. खोदून विचारल्यावर कळलं, सहा वाजता साबुदाण्याची खिचडी झाली होती. तुपातली, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेली. वर काका मलाच म्हणाले, "मग उपासाला काय खायचं असतं?" त्यांचं चुकलं कुठे? पत्रिकेत लिहिलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं.

आकडे असे होते (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) : एकूण कोलेस्टेरॉल 210, त्यातलं एचडीएल ('चांगलं' म्हणतात ते) 40, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातला दुसरा मेद) 340. आमच्याकडे एलडीएल ('वाईट' म्हणतात ते) थेट मोजत नाहीत, 1972 च्या फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढतात. एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. म्हणजे 210 − 40 − 68 = 102. काका खूश. चार दिवसांनी खरोखर उपाशी बोलावलं. एकूण आणि एचडीएल तेवढंच, ट्रायग्लिसराइड्स 190, म्हणून एलडीएल 132. एका शब्दापायी 30 चा फरक. (पाचाने भागायचा हिशोब उपाशी रक्तापुरता. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांतून फिरतात, तिथे ते प्रमाण लागू पडत नाही. आणि उपाशी असलात तरी 400 च्या वर हे सूत्र वापरत नाहीत.)

तर 'फास्टिंग', 'लिपिड', 'लिपोप्रोटीन' (मेद आणि प्रथिन मिळून झालेला, रक्तातून कोलेस्टेरॉल नेणारा कण) आणि त्याचेच प्रकार असलेले ते एचडीएल-एलडीएल, यांना काय म्हणावं?

पेठकर :
उपास म्हणजे एरवीपेक्षा जड खाण्याचा दिवस, हे पुण्यात राहून आत्ता कळलं? 'उपाशीपोटी' लिहा. आमची आजी 'अनशापोटी' म्हणायची. मेथीचं पाणी अनशापोटी, हिरड्याची पूड अनशापोटी. त्या शब्दात खिचडीला जागाच नाही.

अनुवादी :
'अनशापोटी' फार गोड शब्द आहे, पण चाळिशीच्या आतल्यांना कळेल का याची शंका वाटते. 'उपाशीपोटी'च बरा.

'वसा' काढाच. आयुर्वेदात चार स्नेह सांगितलेत : घृत, तैल, वसा, मज्जा. म्हणजे मुळातही वसा हा त्यातला एकच प्रकार, प्राण्यांची चरबी. हिंदीत तो सगळ्याच फॅटसाठी रुळला, मराठीत नाही. आपल्याकडे 'मेद' आणि 'स्निग्ध पदार्थ' आहेत, 'मेदाम्ल' पुस्तकांत पक्कं बसलंय. त्याच चालीवर लिपोप्रोटीनला 'मेदप्रथिन'. 'चरबी' नको. "तुमच्या रक्तात चरबी आहे" म्हटलं की पुण्यात भांडण होईल.

कोलेस्टेरॉल या शब्दाची गंमत बघा. ग्रीकमध्ये 'खोले' म्हणजे पित्त, 'स्टेरेऑस' म्हणजे घन. पदार्थ पहिल्यांदा सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांत, 1769 च्या सुमारास. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने 1815 मध्ये त्याला कोलेस्टेरीन म्हटलं. हा पदार्थ रसायनाच्या भाषेत अल्कोहोल ठरल्यावर शेवटी 'ऑल' लागलं. इंग्रजी मेलँकलीतलं (उदासीतलं) 'कली' तेच, काळं पित्त. शब्दशः करायचं तर 'पित्तघन'.

पेठकर :
लिहा 'पित्तघन'. उद्या माणसं कोकम सरबत पिऊन रांगेत उभी राहतील.

हडपसरकर :
रिपोर्टवर 'सीरम कोलेस्टेरॉल' वाचून आमची आई म्हणाली, "त्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसवाल्यांकडेच तपासलं का रे?" सीरमला मराठी काय?

अनुवादी :
'रक्तजल'. जुन्या लिखाणात 'लस'ही दिसतं, पण ते आता टोचायच्या लशीने पळवलं. तुमच्या आईचा गोंधळ त्या मानाने सुसंगतच आहे.

संक्रांत :
चार स्नेहांवरून सुचलं. लिपिड प्रोफाइलला 'स्नेहपरीक्षा' म्हणा की. आमच्या घरी दर जानेवारीत होते, तिळगूळ वाटताना.

सुईवाली :
हसले. पण मला खरं अडलंय एचडीएलपाशी. 'उच्च घनतेचे मेदप्रथिन' लिहिलं तर माणूस 'उच्च' वाचूनच घाबरतो. 'दाट' म्हटलं तर "रक्त दाट झालंय का?" आणि मग ॲस्पिरिनच्या गोष्टी निघतात. घनतेचा मुद्दा तर स्वयंपाकघरातलाच आहे. मिसळीचं सॅम्पल वाटीत घेतलं की तवंग वर येतो, कारण तेल पाण्याहून हलकं. तसाच हा कण. मेद जास्त, प्रथिन कमी, तर हलका. प्रथिन वाढलं की जड. पाण्याच्या मिलिलिटरला 1 ग्रॅम धरलं तर 1.063 ही एलडीएल आणि एचडीएलमधली सीमा. कायलोमायक्रॉन तर इतके हलके की दुधाळ सीरम रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी वर साय धरते. ही साय मी स्वतः काडीने हलवून पाहिली आहे.

म्हणून 'चांगलं कोलेस्टेरॉल, वाईट कोलेस्टेरॉल' हे मला पटत नाही. रेणू एकच, तो कशात बसून चाललाय एवढाच फरक.

अनुवादी :
मग 'जड कण' आणि 'हलका कण'?

सुईवाली :
'हलका' म्हणजे बरा, असंच वाटणार. पचायला हलकं, तसं. आणि इथे नेमकं उलटं. नाही जमत. एचडीएल, एलडीएल, कोलेस्टेरॉल आहे तसंच ठेवते. डॉक्टरही तेच बोलतात, भाजीवालीही तेच बोलते. लिपिडला 'रक्तातील मेद', सीरम तसंच.

पेठकर :
तुमच्या व्यवसायात आता उपाशी यायची गरजच नाही म्हणतात ना?

सुईवाली :
युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये तसं सांगितलंय, नेहमीच्या तपासणीपुरतं. ट्रायग्लिसराइड्स 440 च्या वर निघाली तर पुन्हा उपाशीपोटी करा म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर मात्र बहुतेक वेळा 'फास्टिंग'च असतं. तेव्हा पत्रिका लागणारच. शेवटी असं लिहिलंय :

'रात्री आठच्या आत जेवावे. त्यानंतर सकाळी रक्त देईपर्यंत काहीही खाऊ नये, उपासाचेही नाही. चहा, दूध नको. साधे पाणी चालेल.'

हडपसरकर :
कोमट पाण्यात लिंबू-मध राहिलं. आमचे सासरे त्याला पाणीच म्हणतात.

सुईवाली :
घातलं.