पोर्ट वाईनचे पैसे वसूल होतात का? माझे तरी नाही झाले

गंगापूररोडकर:
नाशकात राहून वाईनविरुद्ध लिहितोय, शिव्या पडणार हे गृहीत धरलंय. मेव्हणा परदेशातून येताना त्याच्याकडून पोर्तुगालची खरी पोर्ट मागवली. टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली, लेबलवर '20 वर्षे'. 4,800 रुपये मोजले. मे महिना, गच्ची, मी आणि एक मित्र, सोबत काळ्या मसाल्याचं मटण. रेड वाईनच्या मोठ्या ग्लासात ओतली, पहिला घोट घेतला आणि दोघंही एकमेकांकडे बघत बसलो. खोकल्याच्या औषधात काकवी कालवावी तसं. तरी पैसे दिलेत म्हणून दोघांत अर्धी बाटली रेटली. सकाळी डोकं नुसतं ठणकत होतं. उरलेली कपाटात ठेवली, ती गणपती झाल्यावर काढली तर पार मिळमिळीत.
एवढ्या पैशांत आपल्याच तालुक्यातल्या चांगल्या रेडच्या चार-पाच बाटल्या येतात. गोड आवडत असेल तर गोव्याची पोर्ट आहेच, ती दहाव्या हिश्शात मिळते. लोक नेमके कशाचे पैसे देतात, मला कळलेलं नाही.

सायखेडा_फाटा:
मटणाबरोबर पोर्ट! भाऊ, पुरणपोळीवर तर्री ओतून 'पोळी जमली नाही' म्हणण्यातला प्रकार झाला.

कडूगोड:
हसू नका हो, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. माझंही झालंय. पण गंगापूररोडकर, तुम्ही बाटलीवर खटला चालवताय आणि गुन्हा ग्लासाचा आहे.
पोर्टमध्ये साधारण 20 टक्के अल्कोहोल असतं. रस आंबत असताना, साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात 77 टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. चार भाग रसाला एक भाग, अंदाजे. यीस्ट तिथेच मरतं, साखर तशीच राहते. म्हणून ती गोड आणि म्हणूनच कडक. आता हिशोब करा. अर्धी बाटली दोघांत, म्हणजे माणशी 190 मिली. व्हिस्कीचे तीन स्मॉल पोटात गेले तुमच्या, तेही मे महिन्यात आणि साखरेसकट. डोकं ठणकेल नाहीतर काय?
ही 60 मिली प्यायची. जेवणानंतर, लहान ग्लासात, अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून. टॉनीला गारवा मानवतो. सोबत अक्रोड, सुकं अंजीर, खारट चीज. मी तर अंजीर बर्फीबरोबर घेते. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

गंगापूररोडकर:
ताई, मान्य, चुकलं. पण 4,800 चे 4,800 च राहिले ना? 60 मिलीने भागलं तर साडेबारा पेले, म्हणजे पेल्याला 384 रुपये. बर्फी वेगळी.

कडूगोड:
384 मध्ये वीस वर्षांचं लाकडी पिंप येतं की! नुसती साठवण नाही ती. पिंपातून दरवर्षी थोडी थोडी उडून जाते, उरते ती घट्ट होत जाते, लाल रंग उतरून तपकिरी होतो, सुक्या मेव्याची चव येते. (एक मात्र खरं, '20 वर्षे' म्हणजे प्रत्येक थेंब वीस वर्षांचा नसतो. कमीजास्त वयाच्या मिसळून त्या धाटणीची चव बांधतात.) कॉलेज रोडला कॉफी आणि केकला किती देता, ते आठवा.
आणि बाटलीचं बूच बघितलंत का? वर प्लास्टिकची टोपी, हाताने उघडतं. म्हणजे उघडा, घ्या, बंद करा, उभी फ्रिजमध्ये ठेवा. महिना-दीड महिना आरामात टिकते. तुम्ही उन्हाळा-पावसाळा कपाटात कोंडलीत.

मखमलाबादचा_माळी:
बागवाला म्हणून थोडं बोलतो. त्यांची डोरो नदीची खोरी आणि आपली जमीन यांत फरक आहे. तिथे डोंगर उभे, पाटीसारखा दगड फोडून पायऱ्या काढल्यात, यंत्र चालत नाही. आपण एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी करतो. तिथे थंडीत वेल झोपतो, वर्षात एकच चक्र, सप्टेंबरच्या आसपास तोडणी. काही वाईन घराण्यांत अजून दगडी हौदात द्राक्षं पायांनी तुडवतात. आपल्याकडे पर्यटक तुडवतात, फोटोपुरते. त्यांनी 1756 लाच या भागाची हद्द ठरवली, पुढे दगडही रोवले. आपल्या 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन 2010 चं.
मेहनतीचे पैसे द्यायला माझी ना नाही. पण इथल्या दुकानात आयात बाटली घेतली की किमतीत सीमाशुल्काचा मोठा वाटा असतो, तो त्या शेतकऱ्याला मिळत नाही. म्हणून मी म्हणतो, इथे विकत घेऊ नका. कुणी येणार असेल तर सामानातून मागवा, प्रवाशाला दोन लिटरची मुभा असते.

पंचवटी_पॉइंट:
गोव्याची आणि ही यांची तुलना मुळात होत नाही. तिच्यावर पोर्ट लिहिलेलं असतं, एवढंच साम्य. पोर्तुगालच्या कायद्याने डोरो खोऱ्याबाहेरच्या वाईनला पोर्ट म्हणता येत नाही.

सायखेडा_फाटा:
ते त्यांच्या कायद्याने. आमच्या आजीला बाळंतपणात गोव्याचीच चमचाभर द्यायचे. तिला डोरो माहीत नव्हती, आणि ती 91 वर्षं जगली.

नाईलाज_नाशिककर:
मधुमेहवाल्याचं कुणी ऐका. लिटरला शंभरेक ग्रॅम साखर असते. 60 मिलीत 6 ग्रॅम, म्हणजे दीड चमचा. मला तेवढीही परवडत नाही, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये. ज्यांना चालते त्यांनी खुशाल घ्यावी, पण 'थोडीशी पाचक' वगैरे म्हणू नका.

कडूगोड:
काका, बरोबर आहे. पाचक कुणी म्हटलेलं नाही, चैनच आहे ती.
उन्हाळ्यासाठी एक सांगते. पांढरी पोर्टही असते. एक भाग ती, दोन भाग टॉनिक वॉटर, भरपूर बर्फ, संत्र्याची चकती, पुदिना. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात संध्याकाळी लोक हेच घेऊन बसतात. तुमच्या गच्चीवर मे महिन्यात हे चाललं असतं. आणि कुणी व्हिंटेज (एकाच सालच्या द्राक्षांची, बाटलीत मुरणारी) आणलीच तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, तळाशी गाळ असतो. मी पहिल्यांदा तशीच ओतली होती, शेवटच्या पाहुण्याच्या पेल्यात कॉफीचा चोथा पडावा तसा गाळ पडला. आता मलमलच्या फडक्यातून गाळते. ती उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, म्हणून दोघांच्या घरात घेऊच नये. त्यापेक्षा टॉनी, आणि तीही 10 वर्षांची. 20 ची घाई नको.

गंगापूररोडकर:
म्हणजे शेवटी तुम्हीही 20 वर्षांची घेऊ नका असंच सांगताय! माझा मुद्दा अर्धा जिंकला.
दुसरी बाटली मी घेणार नाही. पण या जुनीत चार बोटं शिल्लक आहेत, फेकवत नाहीत. काल बायकोने त्यातली थोडी बेदाण्यांवर ओतून रात्रभर ठेवली, सकाळी व्हॅनिला आइस्क्रीमवर घातली. ते मात्र दोन वाट्या खाल्लं.

मखमलाबादचा_माळी:
बेदाणे कुठले होते?

गंगापूररोडकर:
दुकानातले.

मखमलाबादचा_माळी:
मग राहू द्या तशीच. रविवारी घरचे घेऊन येतो.