'कॅप रेट'ला मराठीत काय म्हणायचं?

बाबांना रिटायरमेंटच्या पैशातून एक दुकानाचा गाळा घ्यायचाय, भाडेकरू आधीपासून आहे, किंमत 60 लाख सांगतायत. एजंट म्हणाला कॅप रेट 7 आहे. बाबा म्हणाले कॅप म्हणजे मर्यादा ना, मग भाडं 7 टक्क्यांच्या वर वाढवता येणार नाही का? मलाही सांगता येईना. 'भांडवलीकरण दर' हा शब्द मिळाला पण तो वाचून बाबांच्या डोक्यात काहीच शिरलं नाही. सोपा शब्द आहे का?

---

मर्यादेशी काही संबंध नाही ताई, हा कॅप म्हणजे कॅपिटलायझेशनचं आखूड रूप. बाबांना शाळेतलं द.सा.द.शे. आठवत असेल तर तेच सांगा, किंमतीच्या दर शंभर रुपयांमागे वर्षाला भाड्यातून खर्च जाऊन किती उरतात. समजा पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं 22 हजार, म्हणजे वर्षाचे 2.64 लाख, ऐकायला 3.3 टक्के. आता एक महिना रिकामा गेला ते 22 हजार, सोसायटी मेंटेनन्स 42, महापालिकेचा टॅक्स 14, रंग-नळ वगैरे 10, असे 88 हजार गेले की उरले 1.76 लाख, म्हणजे 2.2 टक्के. कॅप रेट हा 2.2 वाला, 3.3 तर ढोबळ झाला. म्हणून मी 'निव्वळ भाडेदर' म्हणेन.

---

भाडेदर नको हो, भाडेदर म्हटलं की लोकांना स्क्वेअर फुटाला किती रुपये तेच वाटणार. 'निव्वळ परतावा' बरा. यात लोनचा हप्ता धरायचा का पण?

---

नाही, हप्ता धरायचा नाही. कोणी रोख घेईल कोणी कर्ज काढून घेईल, गाळा तोच आणि भाडंही तेच, हा आकडा गाळ्याचा आहे, घेणाऱ्याचा नाही. इन्कम टॅक्सपण त्याच कारणाने बाहेर. आणि म्हणूनच मला 'परतावा' अपुरा वाटतो, कारण परताव्यात हप्ता, व्याज, पुढे विकताना मिळणारा नफा सगळंच लोक धरतात. भांडवलीकरण हा शब्द जड आहे खरा, पण अर्थ बरोब्बर त्याच्यातच आहे. आपण म्हणतो ना 'त्याने त्या गोष्टीचं भांडवल केलं', तसं इथे खरोखरच भाड्याचं भांडवल करायचं असतं, वर्षाच्या निव्वळ भाड्याला दराने भागलं की किंमत येते. एरियात तशा गाळ्यांना 7 टक्के चालत असेल आणि निव्वळ 4.2 लाख येत असतील तरच 60 लाख ठीक. माझं मत 'भांडवल-दर'. एजंटला आधी हे विचारा की त्याचे 7 ढोबळ की निव्वळ.

---

न्यू जर्सीत राहतो, इथे हा शब्द रोजचा आहे. इथला प्रॉपर्टी टॅक्स इतका जबरदस्त की ढोबळ आकड्याला काही अर्थच उरत नाही. अजून एक, जास्त कॅप रेट म्हणजे चांगलं असं समजू नका, भाडेकरू टिकत नाहीत किंवा एरियाची खात्री नाही म्हणून किंमत पडलेली असते आणि दर फुगलेला दिसतो. चांगल्या जागी लोक कमी दरातही घेतात कारण पुढे भाव वाढेल असं त्यांना वाटतं.

---

विचारलं. ढोबळच होता, 35 हजार गुणिले 12 म्हणजे 4.2 लाख, भागिले 60. एक महिना रिकामा धरला आणि टॅक्स, मेंटेनन्स, किरकोळ दुरुस्ती मिळून 49 हजार, तर उरतात 3.36 लाख, म्हणजे 5.6 टक्के. मग बाबांनी स्वतःच उलटं करून बघितलं, 3.36 चं 7 ने भांडवल केलं तर 48 लाख. वहीत त्यांनी 'भांडवल-दर' असंच लिहिलंय आणि उद्या 48 सांगणार आहेत.