मदत हवी आहे: उद्या जुनी इलेक्ट्रिक गिटार बघायला जातोय, काय तपासू?

परळचा_पोरगा
उद्या अकराला वसईला जातोय. स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर मॉडेल) आहे, काळी. १८ सांगतोय. फारशी वाजवलेली नाही म्हणे. आणखी दोघे येणारेत, म्हणून लवकर ठरव म्हणतोय. काय काय बघू? व्हिडिओच्या लिंका नकोत, मुद्दे सांगा.

फ्रेटफाईल
कुठली स्ट्रॅट? फेंडर, स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड), की नुसता स्टिकर लावलेली? पिकअप (तारांखालचे आवाज पकडणारे चुंबक) कसे आहेत? तिथे अ‍ॅम्प आहे का? १८ म्हणजे १८ हजार धरतो. 'आणखी दोघे' प्रत्येक जाहिरातीत असतात, तिकडे लक्ष देऊ नकोस.

नवंच_बरं
जुन्याच्या भानगडीत कशाला पडता? यामाहा पॅसिफिका ०१२ नवी घ्या, वॉरंटी मिळते.

परळचा_पोरगा
स्क्वायर अ‍ॅफिनिटी. ब्रिजजवळ (तारा जिथे बॉडीवर टेकतात तिथे) एक जाड पिकअप, पुढे दोन बारीक. नंबर आयसीएस १९ ने सुरू होतो. अ‍ॅम्पचं विचारायचं राहिलं. आणि नवी घ्यायची नाहीये.

फ्रेटफाईल
आयसीएस म्हणजे इंडोनेशियातल्या कॉर्टच्या कारखान्यातली, १९ म्हणजे २०१९. बिल असेल तर नंबर जुळवून घे.

अ‍ॅम्पला जोडायच्या आधी नेक (मान) बघ. ब्रिजच्या बाजूने डोळा लावून फिंगरबोर्डच्या दोन्ही कडा बघायच्या. पीळ दिसला तर तिथूनच परत फिर, १० हजारांत दिली तरी. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकदम दाबून धर आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघ. पाव मिमीच्या आसपास हवी. अजिबात नसेल किंवा एक मिमी असेल तर ट्रस रॉड (मानेचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) फिरवावा लागेल, आणि तो फिरतो का हे तिथेच कळायला हवं. ४ आणि ५ मिमी अशा दोन्ही अ‍ॅलन की (षटकोनी चाव्या) बरोबर ने. आधी उलटा पाव फेरा सैल कर, मग परत तेवढाच घट्ट. हलतच नसेल किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर सोड.

फ्रेट: पहिल्या तीन-चार फ्रेटवर दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली खड्डे आहेत का, नखाने चाचप. उथळ असतील तर घासून निघतात. खोल असतील तर फ्रेट बदलावे लागतात आणि या किमतीच्या गिटारला तो खर्च परवडत नाही. पातळ तार बाराव्यापासून पुढे प्रत्येक फ्रेटवर वर खेच. आवाज मध्येच बसला तर सॅडल (ब्रिजवरचा त्या तारेचा आधार) थोडं उचलून पुन्हा बघ. तरीही बसला तर फ्रेट उंचसखल आहेत.

सोल्डरवाला
दुसऱ्याच्या गिटारीचा रॉड फिरवायला सांगताय? तुटला तर भरून कोण देणार?

फ्रेटफाईल
विचारूनच फिरवायचा. 'नको' म्हणाला तर त्यालाच फिरवून दाखवायला सांगायचं. पाव फेऱ्यात तुटणारा रॉड आधीच गेलेला असतो.

सोल्डरवाला
ठीक. इलेक्ट्रिकचं मी सांगतो. मल्टिमीटर आणि स्वतःची केबल ने. केबल गिटारला लाव, व्हॉल्यूम पूर्ण उघड, मोकळ्या प्लगच्या टोकाला आणि दांड्याला मीटर लाव. पिकअप निवडायच्या स्विचच्या पाच पोझिशनपैकी १, ३, ५ महत्त्वाच्या. सिंगल कॉइल (बारीक पिकअप) साधारण ५ ते ७ किलोओम, हंबकर (जाड पिकअप) ७ च्या वर, कधी १३-१४ सुद्धा. आकडा थोडा कमीजास्त असला तर चिंता नको. पिकअप आतून तुटलेला असेल तर मीटर 'अनंत' दाखवत नाही, पॉटचा (व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या रेझिस्टरचा) आकडा दाखवतो, म्हणजे २५० किंवा ५०० किलोओमच्या आसपास. इथेच लोक फसतात.

नॉब फिरवताना खरखर म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. केबलचा जॅक सैल म्हणजे लॅमिंग्टन रोडवर (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) किरकोळ पैशांत नवा. या दोन गोष्टींवरून सौदा मोडू नकोस, पण भाव मात्र पाड.

वसईकरीण
खाऱ्या हवेचं कुणीच बोललं नाही. सॅडलच्या बारीक स्क्रूंना गंज चढून ते जाम होतात, मग तारांची उंचीच बदलता येत नाही. १.५ मिमीची की घालून सहाही सॅडलचे स्क्रू जरा हलवून बघ. मागचं प्लास्टिक उघडून स्प्रिंगही बघ. आणि येताना विरारहून येणाऱ्या लोकलमध्ये गिटार पाठीवर लावू नकोस, पुढे छातीशी धर.

तानपुरा
आधी अकूस्टिकवर हात बसवावा, मग इलेक्ट्रिक. बोटं तयार होतात.

नवंच_बरं
+१. आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा.

परळचा_पोरगा
सहा वर्षं वाजवतोय, बोटं तयार आहेत. त्याच्याकडे अ‍ॅम्प नाहीये, आत्ताच विचारलं. आता? शिवाय २ हजार आधी पाठव, मग दुसऱ्यांना नाही सांगतो म्हणतोय.

फ्रेटफाईल
आधी एक रुपयाही देऊ नकोस. गिटार हातात आल्यावर यूपीआय.

सोल्डरवाला
बॅटरीवरचा खिशातला हेडफोन अ‍ॅम्प कुणाकडून तरी घेऊन जा, पुरतो. तोही नसेल तर मीटर आहेच. अ‍ॅम्प मिळाला तर पाचही पोझिशनला प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक कर, कुठला चालू आहे ते ऐकू येतं. सिंगल कॉइलवर घूं आवाज येणारच, तो दोष नाही. तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली तर अर्थिंग नीट आहे. वाढली तर ब्रिजला जाणारी वायर सुटलेली असू शकते.

परळचा_पोरगा
आणि बाराव्या फ्रेटवर सूर चढा लागला तर?

फ्रेटफाईल
तारा जुन्या असतील तर लागेलच, त्यावरून नाही म्हणू नकोस. ज्या तारेचा चढा आहे तिचं सॅडल मागे सरकवायला जागा उरली आहे का तेवढं बघ. आणि ट्रेमोलोचा (ब्रिज हलवून सूर वरखाली करायचा) दांडा माग, तो बहुतेक वेळा घरीच कुठल्यातरी खणात राहतो.