नऊ वर्षांच्या मुलीचा रक्तदाब १३८/९२ : थांबावे की आजच न्यावे?

प्रश्न (एक आई, मुलुंड)
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे डोळे चार दिवसांपासून सकाळी सुजलेले दिसतात, डोके दुखते आणि काल दोनदा उलटी झाली. दवाखान्यात रक्तदाब १३८/९२ भरला, परंतु लहान मुलांना बीपी होत नाही, परीक्षेचा ताण असेल, असे सांगून आम्हाला घरी पाठवले. सासूबाईंची बीपीची अर्धी गोळी द्यावी का?

उत्तर (बालरोग विभागातील परिचारिका, परळ)
ताई, ती गोळी अजिबात देऊ नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूला रक्त कमी पडते. दाब मोजताना दंडाला कोणता पट्टा बांधला होता? पट्टा अरुंद असला तर आकडा खोटा वाढतो, आणि मोठ्या माणसाचा पट्टा लहान दंडावर गुंडाळला तर तो खोटा कमी येतो. म्हणजे तिचा खरा दाब याहूनही जास्त असू शकतो. एरवी वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजून निदान करतात, पण डोकेदुखी आणि उलट्या असताना तेवढे थांबायचे नसते. वाडिया, केईएम किंवा सायन, जे जवळ पडेल तेथे आजच न्या. लघवीचा रंग पाहिलात का?

उत्तर (एक वडील, भांडुप)
लघवीचा रंग जरूर पाहा. माझ्या मुलाच्या पोटऱ्यांवर पावसाळ्यात पुळ्या आल्या होत्या. त्या सुकल्या, आम्ही विसरलो, आणि तीन आठवड्यांनी त्याला कोऱ्या चहासारखी लघवी होऊ लागली. रुग्णालयात नेताना रिक्षात माझ्या मांडीवरच त्याला आकडीचा झटका आला. स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर मूत्रपिंडांना सूज येते आणि दाब चढतो, हे आम्हाला तेथे कळले. शिरेतून औषध देऊन त्यांनी दाब फार सावकाश उतरवला. जेवढा उतरवायचा होता त्याच्या पाव हिश्शाहून जास्त पहिल्या आठ तासांत उतरू दिला नाही.

प्रश्नकर्ती
काल रात्रीच दाखल केले. मुलांच्या पट्ट्यावर दाब १५२/१०० आला. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, अरुंद नाही ना हे पाहण्यासाठी पायांतलाही दाब मोजला. तो ठीक निघाला. लघवीत मात्र रक्त आणि प्रथिने आहेत. मीठ जवळजवळ बंद केले आहे, लघवी वाढवणारे औषध चालू आहे, आणि आज तिने स्वतःहून पेज मागितली. घरी मोजायला मनगटावरचे यंत्र चालेल का?

उत्तर (परिचारिका)
मनगटावरचे नको, दंडावरचेच घ्या. दंडाचा घेर टेपने मोजून त्या मापाचा मुलांचा पट्टा मागा, आणि घरी जाण्यापूर्वी ते यंत्र वॉर्डातल्या यंत्राशी ताडून पाहा.