मदत हवी आहे : महिन्यातून एकदा निघणारी बाईक

माझी कार्बोरेटरवाली १५० सीसी बाईक आता महिन्यातून जेमतेम एकदा बाहेर पडते. परवा सेल्फ दाबला तर नुसतं 'टक टक'. बॅटरीला मीटर लावला, ११.९ व्होल्ट. पूर्ण चार्ज असेल तर १२.६ च्या वर हवेत, म्हणजे बॅटरी बसलीच म्हणायची. किक मारून मारून पाय भरून आला तेव्हा कुठे सुरू झाली, तीही चोक ओढून. चोक बंद केला की लगेच बंद! कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत काढलं तर पिवळट, जुन्या वार्निशसारखा वास. पायलट जेट (इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) तुंबलंय असं वाटतंय.

आजवर दर रविवारी जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचो आणि काळजी घेतल्याचं समाधान मानायचो. आता कळतंय की तेवढ्यात बॅटरी धड चार्ज होत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

तर जाणकारांनो, पुढचे दोन-तीन महिनेही गाडी फारशी निघणार नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवू की ट्रिकल चार्जर (बॅटरीला हळूहळू चार्ज देत राहणारा) घेऊ? पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करणार आहे, पण टाकी? गंज नको म्हणून काठोकाठ भरावी म्हणतात, पण मग तेवढं पेट्रोल शिळं होणार त्याचं काय? जेट घरी साफ करताना कुणी तार घातलीय का? भोक मोठं होईल म्हणून माझा हात धजत नाहीये.

डबल स्टँडवर लावतोच, चेनलाही तेल दिलंय.