आंबोळीच्या तव्यावरून जगाची ओळख

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत सातवीच्या मुलांना पौष्टिक स्वयंपाकातून परदेशांची संस्कृती शिकवावयाची आहे, शेगडी एकच आहे. सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर : इथिओपियाच्या इंजेरा या मऊ भाकरीपासून करावी. टेफ या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून ती एकाच बाजूने भाजतात आणि वरची जाळी पाहताच मुलांना घरची आंबोळी आठवेल. टेफऐवजी नाचणी चालेल, मात्र हा बदल मुलांना सांगावा. तेथे एकाच ताटाभोवती बसून जेवतात, तेही करून पाहावे.

दुसरे उत्तर : मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. चुना मात्र शिक्षकांनीच हाताळावा. आमच्या वर्गात एकीचे बोट पोळले होते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नाचणीचे पीठ आजच भिजवतो.