शिरपूर वाढतंय ते ठीक, पण काळ्या जमिनीवरच का?

तापीकाठचा: विषय तापणारा आहे तरी टाकतोच. 2011 च्या जनगणनेला धुळे जिल्ह्यातलं आपलं शिरपूर-वरवाडे 75 हजारांच्या आसपास होतं, आता जिकडे बघाल तिकडे नवीन कॉलनी. फार्मसी, इंजिनिअरिंग, तापीकाठी एनएमआयएमएस विद्यापीठाचं कॅम्पस, सूतगिरणी, दारात आग्रा रोड. वाढ नको असं कोण म्हणतंय? पण प्लॉटिंग कुठे चाललंय ते बघा. कपाशी उपटून हरभरा घेता येतो अशा दुपिकी रानात चुन्याच्या फक्क्या मारून दगड रोवलेत. 2004 पासून नाले खोल केले, सिमेंट बंधारे घातले, कोरड्या विहिरींना पाणी आलं, ‘शिरपूर पॅटर्न’ बघायला कुठून कुठून लोक आले. आणि ज्या शेतासाठी पाणी मुरवलं तिथेच आता पेव्हर ब्लॉक! घरं बांधायचीत तर उत्तरेला सातपुड्याकडे मुरमाड जमीन पडलीय, तिकडे न्या.

कपाशीवाला_भो: भाऊ तुमचं शेत किती? माझं चार एकर आहे म्हणून विचारतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षभरासाठी सालदार गडी मिळत नाही, मिळाला तर उचल आधी मोजा, मग वेचणीला किलोवर मजुरी, वर बोंडअळी, आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलो की ‘माल ओला आहे’ म्हणत कट्टी कापणार ते वेगळंच. उसाचं म्हणाल तर आपला सहकारी कारखाना किती वर्षं बंद राहिला. तेव्हा कोणी धागा काढला नाही. आता रोडटच जमिनीला पहिल्यांदा बरा भाव आलाय तर सगळ्यांना काळी माय आठवली. माझ्या चुलतभावाने दोन एकर दिली, त्यात पोरीची बी-फार्म झाली आणि डोक्यावरचं सोसायटीचं कर्ज गेलं. त्याने काय पाप केलं सांगा.

तापीकाठचा: विकणाऱ्याला दोष नाहीच देत. बागायती जमीन बिगरशेती (एनए) होते कशी हा प्रश्न आहे.

वाळू_आणि_विहीर: भूजलाचं थोडंफार काम केलंय म्हणून दोन गोष्टी. तापीकाठचा आपला पट्टा गाळाचा. वर पिवळ्या चिकणमातीचा जाड थर, तो पाणी खाली जाऊच देत नाही. शिरपूर पॅटर्नवाले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल केले ते तो थर फोडून खालच्या वाळूपर्यंत पाणी पोचवायला. (म्हणून बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या गावात नुसतं खोदून तसाच गुण येईल असं नाही, पण ते असो.) आता तापीकाठचा भाऊ, तुम्ही म्हणता त्या मुरमाड जमिनीचं. सातपुड्याच्या पायथ्याला जो गोटे-वाळूचा पट्टा आहे ना, पाणी सगळ्यात जास्त तिथेच मुरतं आणि तिथूनच खाली आपल्या ट्यूबवेलला येतं. तिथे काँक्रीट ओतलं तर नाले कितीही खणा.

शिरपूरची_लेक: आणि ती जमीन ‘पडलीय’ हे कोणी सांगितलं? तिकडे पावरा, भिल लोक शेती करतात. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, जमीन महसूल कायद्याचं कलम 36अ वाचा. शहर आपलं वाढणार आणि जागा त्यांनी द्यायची, वा रे वा. मला स्वतःला शहर वाढलेलं हवंय, कॉलेज गावातच होतं म्हणून घरच्यांनी शिकू दिलं, नाहीतर धुळ्याला रोज एसटीने कोणी पाठवलं नसतं. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या कॉलनीच्या मागे खोल केलेला नाला आहे, बंधाऱ्याच्या भिंतीला टेकूनच कंपाउंड घातलंय आणि दोन ठिकाणी गटाराचे पाइप सरळ नाल्यात सोडलेत. आता हेच पाणी मुरणार आणि हेच आपण बोरमधून उपसणार. प्लॉट विकणाऱ्याने ‘नालाव्ह्यू’ म्हणून पैसे जास्त घेतले असतील तर मला नवल नाही.

कपाशीवाला_भो: ताई हे मात्र खरं शे. गटाराचं बोला, मी तुमच्या मागे उभा आहे. पण विक्री बंद करा म्हणाल तर जमणार नाही.

नरडाणा_पॅसेंजर: तुम्ही गटारात अडकलात, तिकडे दलाल रेल्वेवर बसलेत. मनमाड-इंदूर लाइनला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर, धुळे-शिरपूर-सेंधवा करत जाणार. आज गाडी पकडायची तर नरडाण्याला नाहीतर धुळ्याला पळा. रूळ पडायच्या आधीच ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणून टोकन घेणं सुरू आहे, कुठलं स्टेशन ते विचारू नका.

तापीकाठचा: म्हणूनच म्हणतो आत्ताच ठरवा. उत्तरेला नको तर नको, गावातल्या गावात वर चढू द्या. चार मजले बांधायला काय हरकत आहे? आणि नाल्याच्या दोन्ही बाजूला मोकळी पट्टी सोडल्याशिवाय लेआउट पास करू नका.

शिरपूरची_लेक: पट्टीचं एकदम मान्य. फ्लॅटचं आमच्या सासूबाईंना तुम्हीच येऊन सांगा. उन्हाळ्यात बिबडे आणि कुरडया वाळवायला गच्ची लागते, चौघींच्यात एक गच्ची म्हटलं की पहिल्याच वर्षी भांडण.

कपाशीवाला_भो: आणि ट्रॅक्टर काय तिसऱ्या मजल्यावर लावू?